घरच्यांची बाजू

"मुलगी द्यायची ती द्यायची, वर तिकीटही काढायचं?" बेकरीवाले हवेलीच्या तिकीटखिडकीसमोर पुटपुटले.

"हळू बोला," बायको म्हणाली. "आणि ओळख द्यायची नाही. आपण नुसतं बघायला आलोय."

त्यांची लेक गुरांची डॉक्टर होती. या हवेलीतल्या आजारी घोडीवर उपचार करता करता तिने हवेलीतल्या मुलाशी लग्न ठरवून टाकलं होतं. दोन्हीकडच्या आईवडिलांची गाठ पुढच्या रविवारी पडायची होती. पण बेकरीवाल्यांच्या बायकोला तोवर दम निघेना. ज्या घराची चित्रं पोस्टकार्डावर छापून विकतात, त्या घरात आपली पोर ओले केस पुसत हिंडणार तरी कुठून कुठे?

गाईड पुढे, मागे घोळका. दिवाणखान्यात पूर्वजांच्या तसबिरी ओळीने लावल्या होत्या. सगळ्यांचं नाक एकच.

"नातवंडांना हेच येणार," बेकरीवाले कुजबुजले.

"येऊ दे. ठसठशीत आहे."

गाईड झुंबराबद्दल सांगत होता, तेव्हा बायको खिडकीच्या फटीला तळहात लावून वारा येतो का ते बघत होती. येत होता. पडद्यांची खालची कड विटली होती. बेकरीवाल्यांनी दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक केलं. "बडा घर पोकळ वासा म्हणतात. हा भरीव आहे बरं का."

मग बाग. कातरलेली कुंपणं, तळं, गुलाबाचे वाफे, पट्टीने आखल्यासारख्या वाटा. सगळं देखणं, पण वाळत घातलेला एक टॉवेल कुठे दिसेल तर शपथ.

"इथली माणसं राहतात कुठे?" तिने गाईडला विचारलं.

"मागे, घरच्यांच्या बाजूला. ती बाजू बघता येत नाही."

झालं. बघता येत नाही म्हटल्यावर तिचा पाय तिथे ठरेना. बाथरूमला जाऊन येते, असं नवऱ्याला सांगून ती निघाली आणि हवेलीला वळसा घालून मागे गेली. तिथे पाटी नसलेलं एक बुटकं दार होतं. तिने ते ढकललं.

आत एक लहानसं स्वयंपाकघर. शेगडीच्या वर बांधलेल्या दोरीवर मोजे वाळत होते. गळक्या पाइपाखाली बादली होती. टेबलाशी एक बाई स्वेटरवर स्वेटर चढवून चहात पाव बुडवून खात होती. नाक तसबिरीतलं.

"बाथरूम डावीकडे," बाई म्हणाली. "सगळे आधी इथेच येतात."

"हो का," ती म्हणाली, पण हलली नाही. "एवढी मोठी हवेली आणि तुम्ही इथे?"

"हवेली बघणाऱ्यांची झाली. आम्हाला ही खोली आणि पलीकडची." बाई मोकळेपणी बोलत होती, परक्या माणसाशी बोलणं कधी कधी सोपं जातं तसं. "दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसायची मलाच चोरी. कापड विरतं."

"आणि मुलंबाळं?"

"एकच मुलगा. लग्न ठरलंय त्याचं." बाईने पाव बशीत ठेवला. "तुम्ही संसारी दिसता म्हणून विचारते. मुलीचे आईवडील रविवारी यायचेत. मुलीला सगळं ठाऊक आहे, ती याच टेबलावर जेवते. पण ते बाहेरून येणार, तळं बघणार, गुलाब बघणार. त्यांना दिवाणखान्यात बसवू की इथे? तिथे बसवलं तर फसवल्यासारखं होईल. इथे बसवलं तर…" तिने बादलीकडे पाहिलं. "तर उठून जातील आणि पोरीचं मन वळवतील. त्यांच्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

बेकरीवाल्यांच्या बायकोने गळक्या पाइपाकडे पाहिलं. ही गळती, हा गारठा आता आपल्या लेकीच्या वाट्याला येणार होता. निघून जाणं सोपं होतं. बाथरूम डावीकडेच होतं. पण तिला आजवर कुणी इतकं सरळ काही विचारलं नव्हतं.

"मी उठून गेले नसते," ती सावकाश म्हणाली. "पण दिवाणखान्यात बसवलं असतंत आणि मग हे कळलं असतं, तर मात्र कायमची रुसले असते."

"खरं सांगताय?"

"खरं. आणखी एक खरं सांगते." तिने मुठीतलं तिकीट टेबलावर ठेवलं. "आम्हीच ते. रविवारचे."

बाई बघतच राहिली. तिचा एक हात आपसूक केसांकडे गेला, दुसरा मोज्यांकडे. "विहीणबाई? तिकीट काढून?"

"चोरून बघायचं, तर निदान तिकीट तरी काढावं म्हटलं."

बाईला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने स्वेटरच्या बाहीने पुसलं. "म्हणजे पाहिलंत सगळं."

"कुठलं सगळं? गाईड दाखवतो का हे?" बेकरीवाल्यांच्या बायकोने खुर्ची ओढली आणि बसली. बशीतला पाव उचलून बोटांनी दाबून पाहिला. "हा शिळा पाव मात्र लपवा आधी. आमच्या ह्यांनी पाहिला तर खरंच लग्न मोडतील."

बाहेर पावलं वाजली. घोळका फाटकाकडे निघाला होता. "अगं, आहेस कुठे?" बेकरीवाले हाका मारत भिंतीच्या कडेने येत होते. त्यांच्यामागून आणखी दोघं-तिघं माना उंचावत आली.

तिने दार किलकिलं केलं आणि नवऱ्याला बाही धरून आत ओढलं.

"लवकर या, आणि दार लावून घ्या," ती म्हणाली. "लोक फार डोकावतात इथे."