बोर्ड मंदावलाय

"काय डॉक्टर, पेशंट जगतोय का?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"जरा दम धरा हो," मुलगा म्हणाला. जेवणाच्या टेबलावर जुनाट कॉम्प्युटर पोट उघडून पडला होता. मुलाचा धंदाच मदरबोर्ड दुरुस्तीचा, पण हा बोर्ड त्याच्या शाळेच्या दिवसांतला. असलं काही हल्ली दुकानात आलंच, तर लोक शोभेला ठेवायचं म्हणून आणतात.

बाबा मात्र त्यावर रोज बुद्धिबळ खेळत. आणि रोज जिंकत. "चालू होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो," त्यांनी फोनवर कुरकुर केली होती. "ये आणि एकदाचं काय ते बघ."

मुलगा लगेच आला, त्याचं कारण वेगळंच होतं. आई गेल्यापासून बाबा एकटे राहत. दूध उतू जाऊन गॅस विझलाय, घरभर वास सुटलाय आणि हे पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेत, असा प्रकार परवा पुन्हा झाला. शेजारणीनं कळवलं म्हणून कळलं, नाहीतर बाबा कसले सांगतात! "माझ्याकडे चला" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, अगदी आई होती तेव्हापासूनचं: "ज्या दिवशी हे मशीन मला हरवेल, त्या दिवशी समजेन डोकं चालेनासं झालं. मग बिऱ्हाड उचलून तुझ्या दारात. तोवर विषय काढायचा नाही." शब्द म्हणजे शब्द. आणि मशीन काही हरवायचं नाव घेत नव्हतं.

त्यानं मेमरीच्या पट्ट्या काढून पुसल्या, आलटून पालटून बसवल्या. काडीचा फरक नाही. डिस्क तपासली, ती ठणठणीत. मग बॅटरीचा झोत टाकून तो बोर्डावर वाकला आणि त्याचा हात थांबला.

अशा बोर्डांवर वेग ठरवायला जंपर असतात, बारीक काड्यांवर बसणारी प्लास्टिकची चिमुकली टोपणं. त्यातलं एक सगळ्यात मंद वेगावर बसवलेलं होतं. त्याला लाल लोकरीचा धागा बांधलेला, बोटांनी ओढून काढता यावं म्हणून. ती लोकर आईची. त्याच लोकरीचा, तिनं विणलेला स्वेटर त्याच्या अंगात होता.

आता त्याला आठवलं. दुपारी आईचा फोन यायचा. "काय रे, ती जुनी मशीनं हळू कशानं व्हायची?" याच्या एका हातात सोल्डरिंगचं काम, फोन कानाखांद्यात दाबलेला. "आई, लोक माझ्याकडे फास्ट करून घ्यायला येतात गं!" असं म्हणून तो हसायचा, आणि कुठलं टोपण कुठे, ते सांगूनही टाकायचा. म्हातारीला बोलायला काहीतरी विषय हवा, एवढंच त्याला वाटे. एकदा तरी विचारायला हवं होतं, कशाला गं? नाही विचारलं.

खेळात मशीनला प्रत्येक खेळीसाठी ठरावीक वेळ मिळे. बोर्ड मंद, तर तेवढ्या वेळात विचार कमी आणि खेळ बावळट. बाबांचं डोकं जसजसं थकत गेलं, तसतसं आईनं मशीनही थकवलं होतं.

"सापडलं का रे?" बाबांनी विचारलं.

टोपण तसंच ठेवलं तर बाबा जिंकणार आणि इथेच राहणार, एकटे, त्या गॅसपाशी. त्यानं धागा ओढला. आईनं जपून केलेलं काम आपण मोडतोय, हे त्याला पक्कं कळत होतं. फार वाईट वाटलं. पण टोपण त्यानं पूर्ण वेगावर बसवलं.

"धूळ होती," तो म्हणाला.

मशीन सुसाट निघालं. बाबांनी डाव मांडला. बघता बघता वजीर गेला, पाठोपाठ हत्ती. राजा कोपऱ्यात अडकला.

"हरलो की रे," बाबा म्हणाले आणि उठून कपाटातले कपडे काढायला लागले. चिडले नाहीत, आणखी एक डावही मागितला नाही.

मुलगा दारात उभा राहिला. ते शर्टांच्या घड्या घालत होते. एक घडी जमेना, तर ती मोडून पुन्हा घातली. त्याला राहवलं नाही.

"बाबा, थांबा. मी खोटं बोललो. धूळबीळ काही नव्हती. तुम्ही जिंकावं म्हणून आईनं मशीन हळू करून ठेवलं होतं. ते मी आज मुद्दाम फास्ट केलं, तुम्ही हरावं म्हणून. चुकलं माझं. परत होतं तसं करून देतो, तुम्ही राहा इथे."

बाबांनी भरलेल्या बॅगेची चेन ओढली.

"ती मशीन उघडून बसायची, तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन पडायचो," ते म्हणाले. "हे घर तिला सोडवत नव्हतं, म्हणून मुकाट्यानं जिंकत राहिलो. आता ती नाही, आणि मला इथे एकट्याला भीती वाटते, हे काही तोंडानं म्हणवेना. म्हणून तुला बोर्ड दुरुस्त करायला बोलावलं."