पाय धुण्याचा मान

सोमेश्वर बूट काढायला तयार नव्हता.

"पाय कशाला धुता, अण्णा? शाल पुरे."

"गावाची रीत हाय," त्याचे वडील किसनराव म्हणाले. "नाव कमवून आलेल्याचे पाय धुतल्याबिगर सत्कार होत न्हाई. तुझी आई असती तर तिनं धुतले असते. आता बेबीबाई धुईल. तिनंच वाढवलं तुला."

डोंगरकडा गावातली घरची साठ एकर केळी सोडून सोमेश्वर पंधरा वर्षांपूर्वी कोकणात गेला. तिथल्या एका किनाऱ्यावर, फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव झालं. आता त्याची तिथं सर्फिंगची शाळा होती. त्या पहिल्या लाटेचा फोटो किसनरावांनी हिंगोलीहून माणसाएवढा करून आणला होता. तो आज सकाळीच मंचावर उभा केला. फळीवरच्या तरुणाचं तोंड उडालेल्या पाण्याआड गेलं होतं.

सोमेश्वरनं आपली खुर्ची फोटोच्या पुढ्यात, त्याला चिकटवून घेतली.

"इसापूरच्या धरणात दाखवा की एकदा," खालून गावातला जगन ओरडला.

"धरणाला लाटा कुठल्या? अन् गुडघा गेलाय माझा."

बेबीबाई तांब्या-परात घेऊन वर आली. तांड्यावरची बाई, उमर किसनरावांच्या बागेत गेली. तिचा पोरगा खेमा सोमेश्वरच्या सोबतीला कोकणात गेला होता, तो परतलाच नाही. वारंगा फाट्यावर थांबणाऱ्या ड्रायव्हरांना ती अजून खूण सांगायची: उंच पोरगं, कानात बाळी, डाव्या पायाला करंगळी नाही, केळी तोडताना कोयता लागलेला.

"धाकले मालक, खेमाचा काही पत्ता?"

"मावशी, कितीदा सांगू? पहिलीच लाट बघून पळाला तो. लाजेनं येत नसेल."

"तांड्याचा वाघ पाण्याला भ्याला!" जगन म्हणाला. लोक हसले.

"येऊ दे पळपुटा तर पळपुटा," बेबीबाई पुटपुटली. "म्या काय रागावनार हाय का त्याला?"

ती खाली बसली. सोमेश्वरनं बूट काढले. तिनं त्याचा डावा पाय परातीत घेतला, पाची बोटं एकेक करून धुतली, पुसली, कुंकू लावलं. मग डोकं टेकायला वाकली. खुर्चीच्या बाजूनं फोटोचा खालचा भाग तिच्या डोळ्यांसमोर आला. ओली फळी. फळीवर डावा पाय.

त्याला चार बोटं होती.