स्थिर हवा

"त्यांच्या डोळ्यांवर हिरवा दिवा यायचा हो. दुपारची झोप लागायची नाही, म्हणून पेटीवर शाल टाकली," विमलकाकू सांगत होत्या. घरच्या घरी श्वास पुरवणारं ते यंत्र तापून बंद पडलं होतं. काकू भाजी घेऊन परतल्या, तेव्हा काका गेले होते.

समोर बसलेल्या रोहिणीनेच ती पेटी तयार केली होती. रुग्णाला आवाजाचा त्रास नको, म्हणून तिने आतला पंखा काढून टाकला होता. नुसत्या स्थिर हवेत पेटी बाहेरून किती तापेल, याचा अंदाज तिने बांधला होता. पंचावन्न अंश. तो बरोबरच होता, पण पेटीभोवती सगळीकडे मोकळी हवा आहे असं धरून.

पेटी बनवणाऱ्या कंपनीचे कामत मोबाइलवर चित्रण करत होते. "म्हणजे शाल तुम्हीच टाकलीत. पुस्तिकेत तर लिहिलंय, झाकू नका म्हणून."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीच मारलं त्यांना?"

"नाही काकू," रोहिणी म्हणाली. "घरात कोणी त्यावर कपडा टाकेल, हे मला सुचायला हवं होतं. चूक माझी आहे."

कामतांनी घाईघाईने मोबाइल खाली घेतला.

"बंद करू नका," ती म्हणाली, आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगून तिने तेच पुन्हा सांगितलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच्या तळव्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "तू भली आहेस, पोरी. पण हात माझेच होते ना."