मागचा ब्रेक

यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्याच वळणावर जांभळे सर आजही सायकलवरून उतरले. अंधशाळेच्या मदतीसाठी साताऱ्याहून गोव्याला सायकलने जायचं होतं, पण महिनाभर सराव करून पाय उलट जडच होत चालले होते. साठी उलटली, आता मोहिमेतून नाव मागे घ्यावं, असं ठरवून ते माघारी फिरले.

वाटेत सायकलच्या दुकानात हवा भरायला थांबले, तर दुकानदाराने मागचं चाक उचलून फिरवलं. ते अर्ध्या फेऱ्यातच अडलं. “सर, ब्रेक घासतोय! ब्रेक लावूनच घाट चढताय की तुम्ही!” त्याने स्क्रू फिरवून ब्रेक सैल करून दिला.

घरी बायको मेथी निवडत होती. सगळं ऐकूनही तिने मान वर केली नाही. “तो स्क्रू मीच आवळते, रोज थोडाथोडा. चढाला दमलात तर चालेल. उतारावर तुम्हाला भान राहत नाही.”

सर आत जाऊन आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी तिने सायकलला हात लावला नाही. सर पहिल्यांदाच न थांबता घाटमाथ्यावर पोचले. समोर सगळा उतार मोकळा पडला होता. ते सायकलवरून उतरले, वाकले, आणि ब्रेकचा स्क्रू दोन फेरे आवळून मगच निघाले.