हातावरचं मीठ

लॅपटॉपवर उजेड पडत होता म्हणून गोदूनं दार लोटून घेतलं. भर दुपारी मिठागरावरचं ऊन असं घरात घुसतं की डोळे उघडवत नाहीत. तिचा नवरा काळूराम भिंतीला टेकून बसला होता. लेक मृणाली गेली त्याला महिना झाला, आणि महिनाभर हा बाप मिठाची गुळणी धरून होता. रडला नाही, बोलला नाही.

समोर बसलेली सुचिता मृणालीच्या प्रयोगशाळेतली मैत्रीण. मृणालीच्या प्रयोगाचा व्हिडिओ दाखवायला मुद्दाम मुंबईहून आली होती.

"काका, तुमच्याच मिठागरातला खडा हा. मृणालीनं त्यातून केसाच्या शंभराव्या भागाएवढा बारीक खांब कोरला. आता वरून हिऱ्याचं टोक दाबतंय, बघा."

काळूराम पुढे सरकला. चाळीस वर्षं मीठ ओढलेला माणूस. आता भुगा होणार, हे त्याला सांगायला नको होतं. टोक खाली आलं. खांब जरासा कलला. आणखी कलला. आणि वाकून तसाच उभा राहिला.

"फुटला कसा न्हाय?" महिन्याभरातलं त्याचं हे पहिलं बोलणं.

"फुटायला आधी चीर पडावी लागते काका, आणि चिरेला पळायला जागा लागते. एवढ्याशा खांबात जागाच नाही. मग आतले थर एकमेकांवरून सरकतात. मोठा खडा फुटतो, एवढासा वाकतो."

"परत लाव."

तिनं लावलं. त्यानं आणखी एकदा लावायला सांगितलं.

"खरा बोलत व्हती गो ती," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला.

हेच तर सांगायला पोरीनं फोन केला होता! 'बाबा, मीठ वाकवलं मी!' आनंदानं धड बोलतासुद्धा येत नव्हतं तिला. आणि हा काय बोलला? 'जलम गेला माझा मिठात. मना शिकवतेस? लबाड पोर!' तीही याचीच लेक. 'आता शिमग्याला घरी आणून दाखवीन, तोवर बोलणारच नाही,' म्हणाली नि फोन ठेवला. आठ दिवसांत तापाचं निमित्त झालं. शिमगा आला नि गेला.

"तुमी तिला मीठ हातावर दिलात," गोदू पदरात तोंड घालून म्हणाली. "मी वरडत व्हते, पानावर ठेवा, पानावर ठेवा. हातावर मीठ दिला का भांडान व्हतांच."

मुंबईला परत जाताना मृणालीनं प्रयोगासाठी खडा मागितला, तेव्हा एसटी सुटायची घाई होती. पोरीनं तळवा पुढे केला आणि आजा-पणजापासून मिठात वाढलेल्या या माणसानं खडा सरळ तिच्या तळव्यावर ठेवला. एवढीच काय ती चूक.

सुचितानं पर्समधून एक पुडी काढली. वर मृणालीच्या अक्षरात 'बाबांचं मीठ' असं लिहिलं होतं.

"उरलेला खडा, काका. तिच्या टेबलावर होता." पुडी सोडून तिनं खडा चिमटीत धरला आणि हात पुढे केला.

"खाली ठेव गो बाय!" गोदू लगबगीनं ताटली घेऊन आली. "हीत ठेव. हातावर नको देऊ."

काळूरामनं ताटली बाजूला सारली. भेगा पडलेला तळवा त्यानं सुचितापुढे धरला. डोळ्यांतलं पाणी आता त्याला आवरत नव्हतं.

"हातावरच दे, पोरी," तो म्हणाला. "व्हऊ दे भांडान. भांडाय तरी येल ती."