दोन कागद

शाळा घरातच होती आणि आईच बाई होती. जेवणानंतरचा तास शांततेचा. आई सतरंजीवर दोन कागद ठेवून आत जायची. न बोलता चित्रं काढायची, असा तिचा नियम.

आज तास संपल्यावर तिने कौतुकाने बाबांना एक कागद दाखवला. "धाकटीचं घर बघा. वाकडंतिकडं आहे, पण पुरं केलंय हं!" मग ती थोरलीकडे वळली. "आणि तुझं अर्धवट? शिक जरा तिच्याकडून."

आई आत गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "बाळा, उद्यापासून तुझं एकच काढ."

थोरली डावा हात चोळत होती. "तिचं डाव्या हाताने काढायला वेळ लागतो, म्हणून माझं राहतं. पण तिचा कागद कोरा दिसला, तर आईला कळेल ना बाबा, ती गेली ते."