फेसाचं घरटं

"बापानं अंडी राखली, तं लेकरू तुमचं," गुणवंतराव माशांच्या काचेच्या पेटीवर बोट ठेवून म्हणाले. "खाल्ली, तं ते इथीच वाढन."

"चालते, मामाजी," मुखरू म्हणाला. जावई इतक्या लवकर कबूल होईल असं गुणवंतरावांना वाटलं नव्हतं.

मुखरू चामोर्शीच्या शाळेत मास्तर. त्याची बायको कमळा, गुणवंतरावांची एकुलती एक, बाळंतपणाला माहेरी चांद्याला आली आणि त्यातच गेली. पाच महिन्यांचा मुलगा आजोळीच राहिला होता. त्याला न्यायला मुखरू आज तिसऱ्यांदा आला होता.

जंगल खात्यातून निवृत्त झाल्यापासून गुणवंतरावांना एकच नाद होता. रेल्वेतल्या एका मित्रानं कलकत्त्याहून आणून दिलेले सयामचे लढाऊ मासे. एक जोडी त्यांनी कौतुकानं कमळेलाही दिली होती. नर पाण्यावर फेसाचं घरटं बांधी, मादी अंडी घाली, पण पिल्लू एकही हाती लागत नसे. तीनदा असंच झालं. दोष नराचा, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. अंडी सुटली की तो ती तोंडात घेतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ते त्याला जाळीनं बाहेर काढत आणि आईला अंड्यांपाशी ठेवत. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम, हे चांद्यात कुणाला सांगावं लागत नाही.

दुपारी मादीनं अंडी सोडली. नर खाली झेपावला आणि त्यानं ती तोंडात गोळा केली.

"पाहा," गुणवंतराव म्हणाले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या आवाजात नव्हता. त्यांनी जाळी पाण्यात घातली.

मुखरू चटकन उठला. "मामाजी, थांबा जरा."

तेवढ्यात आतून सासूबाईंचा, गुणाबाईंचा आवाज आला. लेक गेल्यापासून त्या कुणाशी दोन शब्द बोलल्या नव्हत्या. आता नातवाला बोंडल्यानं दूध पाजताना त्या त्याच्याशी बोलत होत्या. "तुहा बाप आला न तुले न्याले. मंग सकायी उठून मी कोनाचं तोंड पाहू रे?" पोरगं खिदळत होतं.

मुखरू दाराकडे पाहत राहिला.

"काय म्हनत होते?" गुणवंतरावांनी विचारलं.

"काई नाई. काढा त्याले." नर बाहेर आला; उरलेली अंडी मादीपाशी राहिली.

सकाळी घरट्यात एकही अंडं नव्हतं. मादी कोपऱ्यात स्वस्थ होती. नराच्या तोंडचं विष लागलं, असं गुणवंतरावांनी ठरवून टाकलं.

"वाईट वाटून घेऊ नोका, बापू. बापाची जातच तशी."

मुखरूनं मुलाच्या मुठीत बोट दिलं. सोडवून घेताना त्याला फार जड गेलं. "पोरगं तुमच्यापाशीच राहू द्या, आत्याबाई," तो गुणाबाईंना म्हणाला आणि पिशवी उचलून मोटारीच्या अड्ड्याकडे निघाला.

वैनगंगा उतरून तो संध्याकाळी चामोर्शीला पोचला. कुलूप काढून त्यानं खिडकीतल्या, कमळेच्या माशांच्या काचेच्या बरणीवरचं फडकं उचललं. शेजारच्या घंगाळात मागच्या खेपेची पिल्लं नखाएवढी झाली होती. बरणीतल्या मादीला त्यानं काल पहाटे निघतानाच वेगळं केलं होतं. फेसाखाली अंडी फुटली होती. एक पिल्लू घसरून तळाकडे जाऊ लागलं, तसा नर खाली गेला, त्यानं ते अलगद तोंडात धरलं आणि वर नेऊन घरट्यात ठेवलं.